चांदीचा जग की चांदीचं पाणी दिलेला जग?

आम्ही सायखेड्याच्या बचत गटातल्या बाया. आज आपण पाणी देण्याच्या भांड्यांविषयी बोलू.

दारी आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि मग काम विचारायचं, ही आपली रीत. उन्हातून आलेला असेल तर पाण्याबरोबर गुळाचा खडा. रोजचं पाणी माठातलं आणि स्टीलच्या तांब्यातलं. पण व्याही आले, मुलीला बघायला पाहुणे आले, की फळीवरचं ठेवणीतलं भांडं खाली उतरतं. कुणाकडे आजीची सुरई असते, कुणाकडे पांढरी चकचकीत फुलपात्रं असतात, कुणाकडे तबक. ‘हे आमच्याकडचं चांदीचं’ असं आपण सांगतो. ते खरंच चांदीचं आहे का, हे मात्र आपण कधी उलटं करून बघत नाही. आमच्या गटातल्या एका ताईंना ते फार उशिरा कळलं. त्यांचं नाव आम्ही घेणार नाही, पण ही हकीकत त्यांच्याच परवानगीने सांगतो आहोत.

या ताईंच्या माहेरी एक जग होता. झाकणाचा, नक्षीच्या मुठीचा, चांगला हातभर रुबाबाचा. त्याच्याबरोबर सहा पेले आणि एक तबक. आईचे आजोबा इंग्रजांच्या काळात देवळाली कॅम्पात साहेबांच्या स्वयंपाकघरात हाताखाली कामाला होते. साहेब विलायतेला परत जायला निघाले, तेव्हा त्यांच्या सामानातला हा जग घरी आला, असं घरात सांगत. साहेब त्यातून बर्फाचं पाणी पीत, म्हणून घरात त्याचं नाव ‘बर्फाचा जग’. आई गेल्यावर वाटणीची बोलणी झाली. भाऊ म्हणाले, जमीन आमच्याकडे राहू दे, आईची चांदी तू घे. ताईंनी हक्कसोड पत्रावर सही केली. भावांच्या मनात काळंबेरं नव्हतं, त्यांनाही ती चांदीच वाटत होती. जग होता पावणेदोन किलोचा. एवढी जड चांदी म्हणजे मोठीच रक्कम, असं सगळ्यांनी धरलं.

पुढे मुलीला नर्सिंगला घालायचं ठरलं, फी भरायची होती. ताई जग आणि पेले पिशवीत घालून नाशिकला सराफाकडे गेल्या. सराफाने जग उलटा केला, भिंगाने बुड पाहिलं आणि म्हणाला, “बाई, ही चांदी नाही. वरून चांदीचं पाणी दिलेलं आहे. मी मोडीत घेत नाही.” ताई एसटीने परत आल्या आणि दोन दिवस घरात कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत त्यांनी जग सतरंजीवर ठेवला. आम्ही सगळ्या त्याच्याभोवती बसलो. त्यानंतर आम्ही जे विचारलं, वाचलं आणि स्वतः करून पाहिलं, ते आज सांगतो.

बर्फाचा जग आला कुठून?

आपल्याकडे गार पाण्याला बर्फ लागत नव्हता. माठातलं पाणी भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाझरतं, बाहेरच्या अंगाने त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. म्हणून कोरड्या उन्हाळ्यात माठ छान गारवा देतो आणि पावसाळ्यात हवाच दमट असल्यामुळे देत नाही. आखाजीला आपण पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतो, तीही मातीचीच.

बर्फ आला समुद्रावरून. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचं जहाज तळ्यातल्या बर्फाच्या लाद्या घेऊन कलकत्त्याला पोचलं. प्रवास चार महिन्यांचा. बर्फ वाटेत बराच वितळला, तरी पुष्कळ उरला. पुढच्याच वर्षी मुंबईतही अमेरिकेचा बर्फ उतरला. इतक्या लांबून आलेली महाग वस्तू ती. ती टेबलावर मांडायची तर भांडंही तसंच हवं, आणि बर्फ लवकर वितळता कामा नये.

इथे चांदीची अडचण होती. सगळ्या धातूंत चांदी उष्णता सर्वांत लवकर वाहून नेते, आपल्या रोजच्या स्टीलच्या वीसपटीहून अधिक वेगाने. त्यामुळे चांदीच्या एकेरी पेल्यात बर्फाचं पाणी ओतलं की पेला लगेच हाताला गार लागतो, बाहेरून घामाने भिजतो आणि बाहेरची उष्णता झपाट्याने आत जाऊन बर्फ संपतो. हाताला गार लागणं वेगळं आणि पाणी गार टिकणं वेगळं. म्हणून अमेरिकेत दुहेरी भिंतीचे जग निघाले. जेम्स स्टिम्प्सन नावाच्या माणसाने १८५४ साली अशा जगाचं पेटंट घेतलं. दोन भिंती आणि मध्ये कोंडलेली हवा. हवेतून उष्णता सावकाश जाते, म्हणून आतला बर्फ टिकतो आणि बाहेर घामही कमी येतो. आपल्या थर्मासचं तत्त्व साधारण तेच, फक्त थर्मासच्या दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते.

ताईंचा जग पावणेदोन किलो का भरला, ते आता कळलं. भिंती दोन होत्या. जड म्हणून चांदी, हा सगळ्यांचा हिशेब तिथेच चुकला.

‘चांदीचं पाणी’ म्हणजे किती चांदी?

आतून एक धातू आणि वरून चांदीचा पातळ थर, याला आपण मुलामा म्हणतो, किंवा चांदीचं पाणी देणं. इंग्लंडमधल्या शेफील्ड गावी थॉमस बोल्सोव्हर नावाच्या चाकूसुऱ्या करणाऱ्या कारागिराने १७४३ च्या सुमाराला तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा तापवून चिकटवला आणि त्या जोडपत्र्याची भांडी होऊ लागली. अशी भांडी झिजली की कडेला तांब्याचा लालसर रंग दिसतो. पुढे १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा देण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. चांदीचा क्षार विरघळवलेल्या पाण्यात भांडं बुडवायचं, शेजारी चांदीची पट्टी टांगायची आणि दोन्हींना विजेच्या तारा जोडायच्या. चांदी पट्टीवरून सुटते आणि भांड्यावर सारखी बसत जाते. मोटारसायकलच्या सुट्या भागांना निकेलचा मुलामा देतात, तोही याच जातीच्या रीतीने.

या भांड्यांच्या आत बहुतेक वेळा तांबं, पितळ किंवा ‘निकेल सिल्व्हर’ असतं. निकेल सिल्व्हर म्हणजेच बाजारातलं ‘जर्मन सिल्व्हर’. नावात सिल्व्हर आहे, पण त्यात चांदी अजिबात नसते. ते तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण. आज हळदीकुंकवाचं वाण, पूजेचं ताट म्हणून आपण जे स्वस्त ‘जर्मन सिल्व्हर’ आणतो, त्यातही चांदी नाही. वाणाला खुशाल द्या, पण चांदी म्हणून देऊ नका आणि घेऊ नका.

आता हिशेब करू. चांगल्या जुन्या मुलाम्याचा थर साधारण पंचवीस मायक्रॉन धरू. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हा थर केसाच्या निम्म्याहूनही पातळ. जगाचं बाहेरचं अंग हजार चौरस सेंटिमीटर धरलं, तर त्यावर चांदी बसते जेमतेम पंचवीस-सव्वीस ग्रॅम. पावणेदोन किलोच्या जगात अडीच तोळे चांदी, आणि तीही आम्लं वापरून सोडवावी लागणार. सराफ मोडीत घेत नाही तो यासाठी. हलक्या मालावर तर दोनचार मायक्रॉनच थर असतो.

घरच्या घरी ओळखायचं कसं?

पहिली गोष्ट, भांडं उलटं करा. बुडावर किंवा मुठीखाली बारीक अक्षरं असतात. इंग्रजी ‘ई, पी, एन, एस’ अशी चार अक्षरं असली, तर ते विजेने चांदीचा मुलामा दिलेलं निकेल सिल्व्हर. इंग्रजीत ‘प्लेट’ हा शब्द असला तरी मुलामाच. ‘क्वाड्रुपल प्लेट’ म्हणजे चौपट थराचा मुलामा, असे शिक्के अमेरिकन जगांवर दिसतात. चौपट म्हटलं तरी तो थरच. इंग्लंडच्या खऱ्या चांदीवर चालत्या सिंहाचा ठसा असतो. पण कुठलाही ठसा खोटाही मारता येतो, म्हणून ठशावरच थांबू नका.

दुसरी गोष्ट, झिजलेल्या जागा बघा. मूठ, तोटीची कड, झाकणाचा सांधा आणि ज्यावर भांडं टेकतं ते बुड. तिथे पिवळट किंवा लालसर रंग डोकावत असेल, तर आत पितळ किंवा तांबं आहे. निकेल सिल्व्हर मुळातच पांढुरकं असल्यामुळे तिथे ही युक्ती फसते.

तिसरी गोष्ट, ताईंच्या पेल्यावर आम्ही स्वतः करून पाहिलेली. आपल्याकडे पापड-मसाल्यासाठी ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा असतो, तो घ्या. आधी कोरडा पेला वजन करा. ताईंचा पेला भरला १६८ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याने अर्धं भरलेलं पातेलं ठेवा आणि काटा शून्यावर आणा. पेल्याला दोरा बांधा, हाताने लोंबता धरा आणि पूर्ण पाण्यात बुडवा. तो बुडाला किंवा काठाला टेकू देऊ नका. आडवा करून आतली हवा जाऊ द्या, बुडबुडे झटका. आता काटा जो आकडा दाखवेल, तेवढे ग्रॅम पाणी पेल्याने बाजूला सारलं. पेल्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा.

चांदी पाण्याच्या साडेदहापट जड असते. निकेल सिल्व्हर आणि पितळ साधारण साडेआठपट, तांबं नऊपटीच्या जवळपास. म्हणजे १६८ ग्रॅमचा पेला चांदीचा असता, तर काट्याने १६ दाखवायला हवे होते. आमच्या काट्याने दाखवले १९. तीनदा केलं, तीनदा १९. भागाकार आला पावणेनऊच्या आसपास. चांदी नाही, हे सतरंजीवर बसल्याबसल्या कळलं. वीस वर्षं जे कुणाला कळलं नव्हतं, ते पापडाच्या काट्याने पाच मिनिटांत सांगितलं.

या परीक्षेच्या दोन मर्यादा आहेत. दुहेरी भिंतीचा जग, किंवा ज्याच्या बुडात वजनासाठी लाख-राळ भरली आहे असं भांडं, यांना ती लागू पडत नाही, कारण आत हवा किंवा दुसरंच काही असतं. आणि या परीक्षेने ‘चांदी नाही’ हे चांगलं कळतं. ‘चांदी आहे’ असं वाटलं, तर मात्र सराफाकडे किंवा तपासणी केंद्रात यंत्रावर तपासून घ्या.

काही समजुती सोडून द्या. चुंबक चिकटत नाही म्हणजे चांदी, हे खोटं. तांबं, पितळ आणि जर्मन सिल्व्हर यांनाही चुंबक चिकटत नाही. बर्फाचा खडा ठेवला की चटकन वितळतो म्हणजे चांदी, हेही अर्धवट. तांब्यावरही तो तसाच वितळतो. काळं पडतं म्हणजे चांदी, तर मुलाम्याचं भांडंही काळं पडतं, कारण वरचा थर चांदीचाच असतो.

नवीन चांदी घेताना हॉलमार्क मागा. त्यावर भारतीय मानक ब्यूरोची त्रिकोणी खूण आणि शुद्धतेचा आकडा असतो. ९२५ म्हणजे हजारात नऊशे पंचवीस भाग चांदी. सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक मिळू लागला आहे आणि तो मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकून तपासता येतो. चांदीला हॉलमार्क सक्तीचा नाही, म्हणून दुकानदार आपण होऊन दाखवेल असं नाही. आपणच विचारायचं, आणि पक्की पावती घ्यायची.

घासा कमी, जपा जास्त

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. हवेतला गंधकाचा अंश चांदीला भिडला की काळी पुटं धरतात. आता आपल्या निफाड तालुक्यातली घरं डोळ्यासमोर आणा. एका खोलीत कांदा, दुसऱ्या खोलीत द्राक्षबागेच्या भुरीसाठी आणलेली गंधकाची पोती. दोन्हींत गंधक. त्याच खोलीतल्या फळीवर चांदी ठेवली, तर दिवाळीपर्यंत ती काळी पडणारच. रबरबँड आणि लोकर यांच्यातही गंधक असतं. म्हणून चांदीची आणि मुलाम्याची भांडी धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून, कांद्यापासून लांब ठेवा. आजीचं जुनं मऊ लुगडं याला उत्तम.

काळी पडली की आपण रांगोळी, राख किंवा दात घासायची पेस्ट घेऊन घासायला बसतो. भरीव चांदीवर त्याने ओरखडे पडतात, मुलाम्यावर तर प्रत्येक घासणीत थर कमी होतो आणि एक दिवस पितळ वर येतं. त्यापेक्षा ही रीत करा. मोठ्या पातेल्यात अॅल्युमिनियमची फॉइल पसरा, तीच चपात्या गुंडाळायची. त्यात एक लिटर कढत पाणी ओता आणि दोन मोठे चमचे खायचा सोडा घाला. भांडं फॉइलला टेकेल असं पाचेक मिनिटं बुडवा. काळेपणातलं गंधक अॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी भांड्यावरच राहते. थोडा सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा. मग साध्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने लगेच कोरडं करा. दुहेरी भिंतीचा जग, लाकडी मुठीचं किंवा लाख भरलेलं भांडं मात्र बुडवू नका. ते ओल्या फडक्याने पुसा.

कल्हईवाल्याकडे मुलाम्याचं भांडं कधीच देऊ नका. कल्हई म्हणजे कथलाचा थर. भांडं तापवून, नवसागर टाकून ती चढवतात. तांब्या-पितळेच्या पातेल्याला ती हवीच, पण चांदीच्या मुलाम्याची त्या उष्णतेत आणि कथलात वाट लागते. मुलामा पुन्हा चढवायचा तर इलेक्ट्रोप्लेटिंग करणाराच गाठावा लागतो. आणि दारावर ‘चांदी चमकवून देतो’ म्हणत येणाऱ्याच्या हातात वाटीसुद्धा देऊ नका. त्याच्या डब्यातल्या आम्लात तुमची चांदी विरघळून राहते आणि हातात चकचकीत पण हलकं झालेलं भांडं येतं.

आपल्याला गंगेचा पूर नवा नाही. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा-चांदोरीत पाणी घुसलं, नाशिकच्या सराफ बाजारात आणि भांडी बाजारातही शिरलं. पुरात बुडालेलं भांडं सुकल्या गाळासकट पुसू नका, वाळूच्या कणांनी थर खरवडतो. आधी भरपूर पाणी ओतून गाळ काढा, मग साबणाने धुवा. दुहेरी भिंतीचा जग हलवून बघा. आत खुळखुळ वाजलं तर भिंतींमध्ये पाणी शिरलं आहे. मग तो पाण्यासाठी वापरू नका.

त्यातून पाणी द्यायचं का?

मुलामा अखंड असेल, तर साधं पाणी खुशाल द्या. आतून झिजून पितळ किंवा तांबं दिसत असेल, तर नको. विशेषतः लिंबू सरबत, पन्हं, कोकम, ताक तर मुळीच नको. आंबट पदार्थ तांब्या-पितळेत कळकतो हे आपल्या आज्यांना माहीत होतं, आणि तो कळकलेला पदार्थ मळमळ, उलट्या आणतो. असा जग फुलं ठेवायला वापरा. निकेलने कुणाच्या हाताला खाज येत असेल, तर त्यांना त्या पेल्यात पाणी देऊ नका.

चांदीच्या भांड्यात पाणी आपोआप शुद्ध होतं, या भरवशावर राहू नका. पाणी आधी गाळून, उकळून किंवा औषध टाकून घ्यायचं, भांडं कुठलंही असो. बर्फाचंही तसंच. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते गारठून राहतात आणि सरबतात वितळले की पुन्हा जागे होतात. लग्नकार्यात कारखान्यातली लादी आणतो, तेव्हा नीट बघा. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळसर रंग घालायचा नियम आहे. निळा बर्फ मासळी आणि माल गार ठेवायला, पिण्याच्या पाण्यात नाही. पांढरा असला तरी तो कुठल्या पाण्याचा, हे विचारा. खात्री नसेल तर बर्फ पाण्यात टाकू नका. भांडं बर्फात ठेवा, पाणी बाहेरून गार होईल.

आणि ताईंचं काय झालं?

मुलीची पहिली फी गटाच्या अंतर्गत कर्जातून भरली. ताई हप्ते नियमित फेडताहेत, मुलगी शिकते आहे. जग मोडीत घालायचा विचार आम्हीच हाणून पाडला. अशा जुन्या वस्तूची किंमत धातूच्या वजनावर ठरत नाही, ती वस्तू म्हणून ठरते. जुन्या वस्तूंची पारख असणारा ती वेगळ्या नजरेने बघतो. फक्त त्याला दाखवण्याआधी घासू नये, नवा मुलामा चढवू नये, आणि एकाच माणसाच्या शब्दावर विकू नये.

पण खरा प्रश्न जगाचा नव्हता, सहीचा होता. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे २००५ च्या हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने ठरलं. वडील त्या तारखेला हयात नसले तरी तो हक्क जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. भावाला जमीन सोडायची असेल तर बहीण प्रेमाने सोडू शकते, ती तिची मर्जी. पण एकदा नोंदवलेलं हक्कसोड पत्र मागे फिरवणं फार अवघड असतं. म्हणून बदल्यात काय मिळतं आहे, हे सही करण्याआधी बघायचं. दागिना असो वा भांडं, तपासून, वजन करून, लिहून घ्यायचं. ‘चांदीचा जग’ असं मोघम लिहू नका. चांदी किती, शुद्धता किती, आणि तपासलं कुणी, हेही लिहा. सल्ला हवा असेल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. बाईचं उत्पन्न कितीही असलं, तरी तिला तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते.

ताईंनी भावांना बोलावून पेल्याचं वजन त्यांच्यासमोर करून दाखवलं. भांडल्या नाहीत, नुसता काट्यावरचा आकडा दाखवला. मोठा भाऊ बराच वेळ गप्प बसला. बोलणी अजून चालू आहेत. काय ठरतं ते ताईंनी सांगायला हरकत नाही म्हटल्यावर आम्ही सांगूच.

तोवर एक काम करा. या आठवड्याच्या बैठकीला प्रत्येकीने घरातलं एक ठेवणीतलं भांडं आणा. काटा, दोरा आणि पाण्याचं पातेलं गटातच असतं. भांडं उलटं करा, वजन करा आणि जे निघेल ते आपापल्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. चांदी निघाली तर जपून ठेवा. नाही निघाली, तरी त्यात कुणाचा अपमान नाही. पाणी त्यातूनही तेवढंच गार लागतं.